आधी मंजुरी, मग चौकशी

पस्तीस वर्षे महसूल खात्याच्या कचेरीत बसून ज्याने परक्यांचे अर्ज निकालात काढले, त्याच्यावर निवृत्तीनंतर घरच्यांचे अर्ज भरून देण्याची पाळी यावी, यात दैवाचा काही एक न्याय आहे हे मी नाकारीत नाही. रेशनकार्डापासून मृत्युपत्रापर्यंत आमच्या कुटुंबातील कोणताही कागद माझ्या नजरेखालून गेल्यावाचून पुढे सरकत नाही. कारण अर्ज मंजूर कशाने होतो हे जरी मला उभ्या नोकरीत नीटसे उमगले नसले, तरी तो नामंजूर कशाने होतो या विषयातील माझा अधिकार खात्यात प्रमाण मानला जात असे. म्हणूनच २०१७ च्या ऑक्टोबरात माझा भाचा सपत्नीक घरी आला आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता, "मामा, अमेरिकेच्या सोडतीचा अर्ज भरायचाय, तेवढा तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला," असे म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसला, लाल शाईचे पेन हाताशी घेतले आणि कागद कोठे आहे असे विचारले. कागद नव्हता. माझ्या अधःपाताला प्रारंभ झाला तो येथून.

भाच्याची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. तो हिंजवडीला संगणकाच्या एका कंपनीत असून, अमेरिकेत तात्पुरती नोकरी करण्याचा जो परवाना असतो, ज्याला कोथरूडमधील शाळकरी पोरेही एच-वन-बी या पाळण्यातल्या नावाने ओळखतात, त्यासाठी कंपनीने त्याचा अर्ज लागोपाठ तीन वर्षे केला होता. हे परवाने वर्षाला ८५ हजार, पैकी २० हजार तेथील विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी राखीव. मागणारे त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा तेथेही सोडत, आणि तिन्ही वर्षी भाच्याचा अर्ज सासरी न नांदलेल्या मुलीसारखा होता तसा परत आला. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, याचे खापर शनीवर फोडून मोकळी झाली होती. शनीची बाजू घेण्याचे मला कारण नव्हते. परंतु एका ग्रहाने एका वर्षी लाखाहून अधिक इसमांच्या अर्जांत लक्ष घालावे हे कामाच्या वाटणीच्या दृष्टीने मला पटण्यासारखे वाटेना.

आता ही जी दुसरी सोडत, तिचे प्रकरणच वेगळे. तात्पुरत्या नोकरीचा येथे संबंध नाही. येथे मिळते ते कायमच्या वास्तव्याचे हक्कपत्र, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत बोलायचे तर वतनच. १९९० साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी आपला स्थलांतराचा कायदा सुधारून असे ठरविले की, ज्या देशांतून माणसे फारशी येत नाहीत त्या देशांतील लोकांना दरसाल ५५ हजार हक्कपत्रे चिठ्ठ्या टाकून वाटावीत. पुढे त्यांतून काही मध्य अमेरिकेतील निर्वासितांसाठी बाजूला काढण्यात आली आणि आकडा ५० हजारांच्या आसपास येऊन स्थिरावला. मागे लढाई मारल्यावाचून, निदान कोणा सरदाराची मर्जी सांभाळल्यावाचून, वतन मिळाल्याचे मी तरी वाचलेले नाही. येथे मात्र अर्जदाराने बारावीपर्यंतचे शिक्षण, किंवा गेल्या पाच वर्षांत दोन वर्षे एखाद्या शिक्षण लागणाऱ्या धंद्याचा अनुभव, एवढेच भांडवल दाखवायचे आणि बाकीचे दैवावर सोडायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी अर्जाला एका पैशाचेही शुल्क नव्हते. ज्या अर्जाला कोर्ट फी स्टँप लागत नाही तो अर्ज गंभीरपणे वाचला जात असेल यावर माझा विश्वास बसेना.

परंतु खरी मौज पुढेच आहे. हे वतन भारतात जन्मलेल्यांस मुळीच मिळत नाही. ज्या देशातून मागील पाच वर्षांत ५० हजारांहून अधिक माणसे कायमची म्हणून तेथे जाऊन पोहोचली, तो देश सोडतीस अपात्र. पंगतीत ज्यांच्या घरची माणसे आधीच पाटावर बसली त्यांना पुन्हा अक्षत नाही, असा हा हिशेब. याच संस्थानांनी १९४६ साली कायदा करून भारतासाठी वर्षाला अवघ्या १०० माणसांची मर्यादा घातली होती आणि तेवढ्याचेही त्या काळी कौतुक झाले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आपण एका जन्मात 'फार थोडे' या सदरातून 'फारच झाले' या सदरात कसे जाऊन पडलो याचे नवल वाटल्याखेरीज राहणार नाही. चीन, मेक्सिको आणि फिलिपाइन्स हे त्याच रांगेतले आपले सोबती. मी हा नियम वाचून लाल शाईच्या पेनाचे टोपण उघडले आणि "अर्जदार अपात्र, सबब नामंजूर" असा शेरा मनातल्या मनात मारून झाला, एवढ्यात आमची भाचेसून हळूच म्हणाली, "मामा, पण माझा जन्म मस्कतचा आहे."

हे वाक्य तिने यापूर्वी आमच्या घरात एकदाच उच्चारले होते, ते पत्रिका जुळविताना. आणि त्या प्रसंगी जोशीबुवांनी मस्कतचे अक्षांश-रेखांश आपल्या पंचांगात नाहीत म्हणून मुंबईचेच धरून काम भागविले होते. तिचे वडील एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस म्हणून ओमानला दहा वर्षे होते, तेथे हिचा जन्म झाला, आणि चौथ्या वर्षी ती पुण्यास आली. त्या देशाने तिला नागरिकत्व दिले नव्हते, कारण परक्यांच्या मुलांना ते देण्याचा तेथे शिरस्ता नाही. आठवण म्हणून सांगायची तर तिला खजुराचा वास आणि एका निळ्या दरवाजाखेरीज काही आठवत नसे. परंतु अमेरिकेचा कायदा माणसाचे नागरिकत्व पाहात नाही. तो जन्मस्थान पाहतो. आपल्या ज्योतिषास जन्माची तारीख, वेळ आणि स्थळ ही तिन्ही लागतात. हा कायदा त्याहून निष्कांचन, एका स्थळावरच भविष्य सांगतो. त्या दृष्टीने आमची भाचेसून, जी सदाशिव पेठेबाहेरील पोह्यांना पोहे म्हणण्यास तयार नसते, ती शंभर टक्के मस्कतकर ठरली.

आणि तेवढ्यावर हे थांबत नाही. नवराबायकोंपैकी एकाचा जन्म पात्र देशात झाला असेल, तर दुसऱ्यानेही त्याच देशाच्या नावावर स्वतःचा स्वतंत्र अर्ज करावा, अशी मुभा या कायद्यात आहे; अट एवढीच की दोघांनी बरोबर जावे. म्हणजे घरात चिठ्ठ्या दोन. सासऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारे जावई मी खात्यात असताना खंडीभर पाहिले होते. परंतु सासऱ्याच्या नोकरीच्या गावावर जावयाने हक्क सांगावा आणि सरकारने तो मान्य करावा, असा फेरफार माझ्या कारकिर्दीत एकदाही नोंदला गेला नव्हता.

येथे माझ्या मनात एक क्षुद्र विचार येऊन गेला, तो लपवीत नाही. मीही पुण्याचा नव्हे. माझा जन्म १९४४ चा, कराचीचा. तेथे त्या काळी मराठी मंडळींची चांगली वस्ती होती आणि वडील तेथे बंदरात नोकरीस होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी मी आईच्या कडेवर बोटीतून मुंबईस उतरलो. भाच्याने यादी पाहून सांगितले, "मामा, पाकिस्तानही अपात्र आहे." म्हणजे फाळणीच्या धामधुमीत आमच्या कुटुंबाने घरदार सोडून, समुद्र ओलांडून, जो प्रवास केला तो एका अपात्र देशातून दुसऱ्या अपात्र देशात.

अर्ज भरण्यास आम्ही बसलो तो सोडत उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. रकाने मोजून चौदा: नाव, जन्मतारीख, लिंग, जन्मगाव, जन्मदेश, पात्रतेचा देश, फोटो, पत्ता, आणि असेच किरकोळ. आमच्या तालुक्यातील सातबाऱ्याच्या नकलेच्या अर्जालाही याहून अधिक मजकूर लागत असे. त्यांतील तेरा रकाने पंधरा मिनिटांत उरकले आणि फोटोच्या एका रकान्याने तीन दिवस खाल्ले. फोटो चौरस हवा, पाठीमागे पांढरा पडदा हवा, तो सहा महिन्यांच्या आतला हवा, आणि डोळ्यांवर चष्मा नको. टिळक रस्त्यावरील छायाचित्रकाराने पासपोर्टचे फोटो काढण्यात हयात घालविली होती. चौरस फोटो ही कल्पनाच त्यास अब्रूवर घाला घातल्यासारखी वाटली. "चौकोनी फोटो मिळेल, चौरस नाही," असे तो दोनदा म्हणाला. शेवटी ६०० बिंदू रुंद आणि ६०० बिंदू उंच हे प्रमाण भाच्याने त्यास कागदावर आकृती काढून पटविले. मग चष्म्याचा प्रश्न आला. भाच्यास इयत्ता चौथीपासून चष्मा आहे. तो काढताच कॅमेरा कोणीकडे आहे हे त्यास कळेनासे झाले, आणि जी छबी निघाली तीत तो एस. टी. स्थानकावर आपली गाडी कोणती हे विचारू की नको अशा विवंचनेत पडलेल्या उतारूसारखा दिसत होता. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या माणसाचे याहून प्रामाणिक चित्र निघणे कठीण, असे माझे मत पडले.

दोन्ही अर्ज गेले. संगणकाने प्रत्येकाला एक लांबलचक निश्चिती क्रमांक दिला, ते मी तीन ठिकाणी उतरवून एक प्रत जुन्या बासनात बांधली. आणि पुढच्याच आठवड्यात परराष्ट्र खात्याने जाहीर केले की, ३ ते १० ऑक्टोबर या दिवसांत आलेले सर्व अर्ज तांत्रिक दोषामुळे रद्दबातल झाले आहेत, सबब सर्वांनी १८ ऑक्टोबरपासून नव्याने अर्ज करावेत. घरात सर्वांचे चेहरे उतरले. माझ्या मनाला मात्र, खरे सांगायचे तर, प्रथमच गारवा वाटला. तोवर मला ही सगळी व्यवस्था अमानुष भासत होती. त्या दिवशी मला त्या यंत्राच्या पाठीमागे कोठेतरी माझ्यासारखाच एक कारकून बसलेला असल्याचा साक्षात्कार झाला.

अर्ज नव्याने भरून झाले, नवे क्रमांक बासनात गेले, आणि तेव्हापासून मी या सोडतीच्या इतिहासात बुडी मारली. हिची आई आयर्लंड. १९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडून नातलगांना अग्रक्रम दिला, आणि ज्यांची माणसे तेथे जाऊन पिढ्या उलटल्या होत्या, त्या आयरिश लोकांची जवळच्या नात्याची दोरी तुटलेली निघाली. त्यांची कड घेणाऱ्या लोकप्रतिनिधींनी ऐंशीच्या दशकात खटपट करून ही टूम काढली. कायमची पद्धत सुरू होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत तर वर्षाला ४० हजारांपैकी चाळीस टक्के जागा आयर्लंडलाच राखून ठेवल्या होत्या. त्या काळी अर्ज टपालाने जात आणि एकाने किती पाठवावेत याला धरबंध नव्हता. १९९१ साली व्हर्जिनियातील मेरिफील्ड या गावच्या टपाल कचेरीवर कोटीहून अधिक लखोटे येऊन आदळले, आणि आपला लखोटा आधी पोहोचावा म्हणून माणसे गाड्या करून थेट त्याच गावी जाऊन पेटीत तो टाकीत. आमच्या तालुक्याच्या टपाल कचेरीत दिवाळीच्या भेटकार्डांनी पोस्टमनला ताप येत असे, तो आठवून मला त्या मेरिफील्डकरांविषयी कणव आली. पुढे आयर्लंड संपन्न झाले, आणि ज्याच्या नावाने पंगत मांडली तो पाहुणाच फारसा फिरकेनासा झाला. पाटावर येऊन बसले ते आफ्रिका, पूर्व युरोप आणि नेपाळचे लोक. नेपाळात तर हिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हिचे नाव 'डीभी'. ती भरण्याच्या हंगामात फोटोवाल्यांचे फावते, आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक नाही हा जो नियम, त्याच्या उंबरठ्यावर तो चिमुकला देश वारंवार येऊन टेकतो.

या सगळ्यात दलाल कोठेच नाहीत याचे मला प्रथम चुकल्याचुकल्यासारखे वाटत होते. परंतु ते आहेत असे वाचनात आले आणि जीव भांड्यात पडला. घाना, टोगो, कॅमेरून येथे हे गृहस्थ गावोगाव हिंडून लोकांचे अर्ज फुकट भरून देतात आणि निश्चिती क्रमांक मात्र आपल्या खिशात ठेवतात. नाव निघाले की क्रमांकाची किंमत सांगतात. ज्याचे नाव निघाले त्याच्यापाशी प्रवासाचे पैसे नसतील, तर पैसेवाल्या घरची वधू अथवा वर त्यास तत्काळ मिळवून दिला जातो. खर्च पैसेवाल्यांचा, हक्कपत्र नाव निघालेल्याचे, आणि मुलाखतीच्या वेळी दोघांनी एकमेकांची आवडती भाजी पाठ केलेली असावी लागते. हे वाचून आमच्या बहिणीने कपाळावर आठ्या घातल्या. 'अमेरिकेतील स्थळ' या दोन शब्दांवर १९८० नंतर पुण्यात किती विवाह मुलाचा फोटो पाहून ठरले, याची आठवण मी तिला करून दिली नाही.

आणखी एक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा. नाव निघाले म्हणजे काम झाले असे मुळीच नव्हे. ५० हजारांसाठी चिठ्ठ्या काढतात लाखाच्या घरात, कारण निम्मे लोक मध्येच गळतील असा त्यांचा अंदाज. मग उरलेल्यांची चौकशी, वैद्यकीय तपासणी, दाखले, मुलाखत. आणि त्यांच्या सरकारी वर्षाचा शेवटचा दिवस जो ३० सप्टेंबर, त्या मध्यरात्रीपर्यंत शिक्का पडला नाही तर त्या वर्षीचे नशीब बाद. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हातापाया पडण्याची सोय नाही. आधी मंजुरी आणि मग चौकशी, हा क्रम पाहून मी दोन रात्री अस्वस्थ होतो. आमच्या खात्यात चौकशी आधी होत असे, आणि ती इतकी कसून होत असे की मंजुरीची वेळ येईतो अर्जदार अनेकदा हयात नसे.

परंतु जी गोष्ट मला खरोखर लागली ती २०११ सालची. त्या वर्षी मे महिन्यात सुमारे २२ हजार लोकांना त्यांची निवड झाल्याचे दिसले. कोणी नोकरीचे राजीनामे दिले, कोणी घरे विकावयास काढली. आणि थोड्याच दिवसांत कळविण्यात आले की सोडत रद्द. कारण काय, तर संगणकाने बहुतेक सगळी नावे पहिल्या दोन दिवसांत आलेल्या अर्जांतूनच उचलली होती, आणि कायद्याला तर निखळ यदृच्छा हवी होती. लोक न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारचेच म्हणणे उचलून धरले. जुलैमध्ये चिठ्ठ्या पुन्हा निघाल्या. मी हे वाचून पुस्तक मिटावे तसा डोळे मिटून बसलो. पहिल्या दोन दिवसांत आलेल्यांना आधी घेणे, याला आमच्या कचेरीत शिस्त म्हणत. आणि त्या शिस्तीचे आम्ही काय करीत असू, हेही मला त्याच वेळी आठवले. मे महिन्यात आमच्या खोलीतील पंखा तिसऱ्या वेगावर लावला की टेबलावरची चळत उडे. शिपाई ती गोळा करून जशी हाताला येई तशी रचे. आणि त्या क्रमाने आम्ही कामाला लागत असू. साहेबांची बदली दुपारी कळली, तर सकाळचे अर्ज मंजूर आणि संध्याकाळचे पुढच्या साहेबांसाठी राखीव. एका विधवेचा वारसनोंदीचा अर्ज अकरा महिने कपाटाच्या मागे पडून होता, तो भिंतीला चुना देणाऱ्या गवंड्यास सापडला म्हणून निकाली निघाला. त्या बाईने गवंड्यास नव्हे, मला पेढे आणून दिले, आणि मी ते घेतले. सोडत आमच्याकडेही होतीच. आम्ही ती जाहीर केली नव्हती एवढाच काय तो फरक. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती उघड कबूल केली आणि बिघडली तेव्हा पुन्हा काढली, यासाठी मी त्यांना, माझे मत कोणी विचारलेले नसतानाही, शंभरपैकी साठ गुण देतो.

मधल्या काळात शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांना ई-मेलने खलिता आला की, आपली या सोडतीत निवड झाली असून प्रक्रियेसाठी अमुक डॉलर त्वरित भरावेत. गुरुजींनी आयुष्यात अर्ज केला नव्हता आणि त्यांचा जन्म सासवडचा. तरीही ते पैसे भरण्याच्या बेतात होते. कारण विचारता म्हणाले, "अहो, ज्यासाठी कधी अर्ज केला नाही असे काहीतरी मिळण्याची वाट मी चाळीस वर्षे पाहतोय." परराष्ट्र खाते असे अभिनंदन ई-मेलने कधीच करीत नाही, निकाल ज्याचा त्याने आपल्या क्रमांकाने स्वतःच पाहावयाचा असतो, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि तो खलिता छापून घेऊन त्यावर लाल शाईने शेरा मारला. निवृत्तीनंतर मी मारलेला तो पहिला शेरा. हात किंचित थरथरला.

निकाल मे महिन्यात लागला. ज्या दिवशी तो पाहावयाचा त्या दिवशी भाचेसून प्रसूतिगृहात होती, म्हणून दोन्ही क्रमांक मीच बासनातून काढले आणि भाच्याने तेथील बाकड्यावर बसून मोबाइलवर टिपले. तिचा अर्ज: निवड झालेली नाही. त्याचा अर्ज: निवड झालेली नाही. दोन्ही उत्तरे शब्दशः सारखी, कारण दिलेले नाही, अपिलाची तरतूद नाही. मी पस्तीस वर्षांत असा निर्दोष नामंजुरीचा मसुदा लिहू शकलो नव्हतो. सायंकाळी साडेसहाला मुलगी झाली.

ऑक्टोबरात दोघांनी पुन्हा अर्ज भरले. मुलांच्या रकान्यात गेल्या वर्षीच्या शून्याच्या जागी एक आकडा घातला, कारण मूल लपविले तर अर्ज बाद होतो. जन्मगाव पुणे, जन्मदेश अपात्र, परंतु आईबापांच्या पदराला धरून तिला जाता येते. नियमाप्रमाणे तिचाही स्वतंत्र फोटो लागला. पाच महिन्यांच्या मुलीची मान सरळ, डोळे उघडे आणि पाठीमागे पांढरा पडदा, असे तिन्ही योग एकाच क्षणी जुळून येण्यास टिळक रस्त्यावरील त्या गृहस्थाच्या दुकानात अडीच तास लागले. तिला चष्मा नाही, एवढीच एक सोय झाली.